तळमजल्यावरची पंगत

सिंगापूरचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा तेथील विशाल बंदर उभे राहते, गगनचुंबी इमारती उभ्या राहतात आणि रस्त्यावर कागदाचा कपटाही पडू न देणारी तेथील शिस्त आठवते. चार दिवसांचा प्रवासी जे पाहून परततो ते एवढेच. परंतु एखाद्या नगराचे अंतरंग कळायचे असेल, तर तेथील सामान्य माणसे दिवस मावळल्यावर कोठे बसतात आणि कोणाच्या शेजारी बसून जेवतात, हे पाहावे लागते. सिंगापुरात त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. तेथील दर दहा रहिवाशांपैकी सुमारे आठजण सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या बहुमजली इमारतींत राहतात. अशा प्रत्येक वस्तीत कोठे ना कोठे, एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, बाजूंनी उघडे, छताला पंखे लावलेले आणि टेबलखुर्च्या अंगणापर्यंत मांडलेले एक दुकान असते. त्याला 'कोपीतियाम' म्हणतात. 'कोपी' हा कॉफीचा मलायी उच्चार, आणि 'तियाम' हा होक्येन नावाच्या चिनी बोलीतला दुकान या अर्थाचा शब्द. दोन भाषांनी मिळून एका शब्दाचा संसार थाटावा, तसेच हे नाव आहे.

नाव कॉफीचे असले तरी संध्याकाळी तेथे जी गर्दी लोटते ती जेवणासाठी. दुकानाचा चालक कॉफी, चहा व इतर पेये स्वतःकडे ठेवतो आणि कडेने असलेले लहान लहान गाळे निरनिराळ्या स्वयंपाक्यांना भाड्याने देतो. एका गाळ्यात कोंबडी-भात, दुसऱ्यात माशांचे कढण आणि शेवया, तिसऱ्यात भारतीय मुसलमानाचा पराठा, तेथील भाषेत 'रोटी प्राता'. मधली टेबले मात्र साऱ्यांची. कोणत्याही गाळ्यावरून काहीही आणावे आणि कोणत्याही टेबलावर बसून खावे, असा तेथला रिवाज आहे. वरवर पाहता ही व्यवस्था अगदी साधी वाटते. परंतु ती घडून येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कोपीतियामचा मूळपुरुष शोधू गेल्यास तो दक्षिण चीनमधील हाइनान बेटाचा रहिवासी निघतो. होक्येन, तेओच्यू आणि कँटनी लोक सिंगापुरात आधी येऊन व्यापारउदिमात स्थिरावले होते. हाइनानी लोक उशिरा आले. चांगले धंदे पूर्वीच्या मंडळींच्या हाती गेलेले असल्यामुळे त्यांना गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत, हॉटेलांत आणि आगबोटींवर स्वयंपाकी व नोकर म्हणून राहावे लागले. तेथे त्यांनी पाव भाजण्याची आणि कॉफी करण्याची विद्या उचलली, आणि पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात स्वतःची दुकाने थाटली. साहेबाची कॉफी त्यांनी गरिबाच्या खिशाला आणि तेथील उष्ण हवेला मानवेल अशी करून घेतली. बी स्वस्तातले घ्यावे, ते साखर आणि लोणी किंवा मार्गारीन घालून काळेभोर होईपर्यंत भाजावे, त्याची पूड लांब कापडी गाळणीत घालून वरून उकळते पाणी सोडावे, आणि ताजे दूध दुर्मीळ म्हणून डब्यातले गोड, घट्ट दूध तळाशी ओतावे, ही ती कृती. जाड चिनी मातीच्या पेल्यातून ही कॉफी येई, आणि जुनी माणसे ती बशीत ओतून, फुंकर घालून पीत. बशीतून चहा पिणाऱ्या महाराष्ट्राला हे चित्र परके वाटू नये.

आणखीही एक साम्य लक्षात येण्यासारखे आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जे इराणी आले, तेही असेच उशिरा आलेले होते. त्यांनीही रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने उघडली. संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या इराण्याकडे होत्या, तशाच त्या जुन्या कोपीतियाममध्येही होत्या. ज्यांना नव्या नगरात घर नव्हते, त्यांनीच इतरांना घरासारखी बसायला जागा करून दिली, असे या दोन्ही बंदरांच्या बाबतीत म्हणता येईल.

कोपीतियामच्या कुळकथेचा दुसरा धागा रस्त्यावरच्या फेरीवाल्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापुरात बेकारी वाढली. ज्याला दुसरे काही जमत नाही त्याने खांद्यावर कावड घ्यावी किंवा हातगाडी ढकलावी, आणि घरी येत असलेला एखादा पदार्थ विकून पोट भरावे, हा मार्ग शेकडो लोकांनी धरला. अन्न स्वस्त मिळे. पण गटारात टाकलेले उष्टे, वाहतुकीचा खोळंबा आणि पटकी, विषमज्वर यांचे भय हेही त्याबरोबर आले. १९५० मध्ये तेथील वसाहतकालीन सरकारने फेरीवाल्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. प्रशासनापुढचा पेच जुनाच होता. फेरीवाला हटवावा तर त्याचा घास जातो आणि गिऱ्हाइकाचाही. राहू द्यावा तर नगराचे आरोग्य जाते. भारतातील नगरपालिकांनाही हा पेच नवा नाही.

स्वतंत्र सिंगापूरने तो सोडवला तो प्रथम मोजदाद करून. १९६८-६९ मध्ये साऱ्या बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी झाली. ती संख्या सुमारे २४,००० भरली. त्यानंतर १९७१ पासून १९८६ पर्यंत नळ, मोऱ्या आणि छप्पर असलेली सार्वजनिक भोजनकेंद्रे बांधून रस्त्यावरचे विक्रेते तेथे नेण्यात आले. याच काळात माणसेही हलत होती. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. मे १९६१ मध्ये बुकिट हो स्वी येथील झोपड्यांना आग लागून सुमारे १६,००० लोक बेघर झाले, आणि नव्या इमारतींच्या कामाला वेग आला. दलदलीची जागा भरून टोआ पायोसारखी उपनगरे उभी राहिली. 'टोआ पायो' या नावाचा अर्थच मुळी 'मोठी दलदल'. भोजनकेंद्रे सरकारी, तळमजल्यावरची कॉफीची दुकाने मात्र मंडळाकडून भाड्याने वा विकत घेऊन खाजगी चालकांनी चालवलेली. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. परंतु दोन्हीकडे जे घडले ते एकच. रस्त्यावरची चूल छपराखाली आली, आणि खेड्यातून बाराव्या मजल्यावर गेलेल्या माणसाला खाली उतरून बसण्यासाठी एक ओसरी मिळाली.

या ओसरीवर एखादे कुटुंब रात्रीचे जेवण कसे घेते ते पाहण्यासारखे असते. टोआ पायोतील एखादे चिनी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. सात वाजण्याच्या सुमारास मंडळी उद्वाहनाने खाली उतरतात. प्रथम जागा धरायची. त्यासाठी रुमाल टाकण्याऐवजी कागदी रुमालांची एक पुडी टेबलावर ठेवली की पुरे. ती पुडी उचलून कोणी बसत नाही. मग मुलगा 'झी चार'च्या गाळ्याकडे जातो. 'झी चार' म्हणजे शिजवणे आणि परतणे. या गाळ्यावर थाळी मिळत नाही. घरच्यासारखे चार पदार्थ सांगावेत आणि भातासोबत सर्वांनी मिळून खावेत. भडकलेल्या आगीवर लोखंडी कढई हलवणारा माणूस पाहून असे वाटते की हा मनुष्य स्वयंपाक करीत नसून लोहाराचे काम करीत आहे. थोड्याच वेळात आले व कांद्याची पात घालून वाफवलेला अखंड मासा येतो, परतलेले टोफू येते, आणि मिरची व आंबवलेल्या जवळ्याच्या वाटणात परतलेली नाळीची भाजी येते. त्या वाटणाचा वास कोकणातल्या माणसाला जागच्या जागी उठवून बसवील. धाकट्या नातवाला यातले काहीच नको असते. त्याच्यासाठी शेजारच्या गाळ्यावरून कोंबडी-भात आणला जातो. जेवणापूर्वी लहानांनी मोठ्यांना नात्याने हाक मारून 'जेवा' म्हणायचे, ही जुनी चाल अनेक घरांत आहे. ती येथे उघड्यावरही पाळली जाते. माशाचा गालाजवळचा मऊ भाग आजीच्या वाडग्यात पडतो. उरलेले अन्न बांधून घरी जाते.

येथे कोणी विचारील की घरात चूल नाही काय? चूल आहे, भांडीही आहेत. परंतु नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, आजीचे हात थकले आहेत, आणि भर उष्म्यात पाच माणसांचा स्वयंपाक करण्यापेक्षा खाली उतरणे फारसे महाग पडत नाही. घरच्या अन्नाची गोडी यामुळे नष्ट होते, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते आणि तिच्यात तथ्य नाही असेही नाही. तथापि, या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. घरी जेवताना ज्या सुनेला शेवटी बसावे लागले असते, ती येथे सर्वांबरोबर बसते. तीस-चाळीस वर्षे एकाच गाळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मुलाची आवड ठाऊक असते, आजीचे पथ्य ठाऊक असते. त्याला 'अंकल' आणि भांडी उचलणाऱ्या बाईला 'आंटी' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द इंग्रजी आहेत, पण त्यांतला भाव आपल्याकडील काका-मावशीचाच.

भाषेची गोष्ट निघाली म्हणून सांगितले पाहिजे की या टेबलावर एक नाजूक दुखणेही बसलेले असते. आजीची बोली होक्येन किंवा तेओच्यू. १९७९ मध्ये चिनी समाजाने बोली सोडून मँडरिन बोलावी अशी सरकारी मोहीम सुरू झाली, आणि १९८७ पासून सर्व शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. त्यामुळे मुलगा आईशी अडखळत बोलतो आणि नातवाला आजीची बोली जवळजवळ येतच नाही. नभोवाणीच्या श्रोत्यांना या संदर्भात एक आठवण विशेष भावेल. १९४९ मध्ये सिंगापुरात रेडिफ्यूजन नावाची तारेवरून चालणारी नभोवाणी सुरू झाली. कॉफीच्या दुकानांत तिचे खोके टांगलेले असे, आणि ली दाई सो यांच्यासारखे कथेकरी कँटनी बोलीत गोष्ट सांगू लागले की मजूर, हमाल, रिक्षावाले पेला हातात धरून ऐकत राहत. पुढे बोलीतील कार्यक्रम थांबले, आणि २०१२ मध्ये ते केंद्रही बंद पडले. आता त्या बोलींचा जो अंश नातवाच्या जिभेवर उरला आहे तो बव्हंशी कॉफी मागवताना ऐकू येतो. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची. 'ओ' हा होक्येनमधला काळा. 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेची. तो मलायी शब्द, अर्थ 'रिकामे'. 'गाउ' म्हणजे कडक, 'पेंग' म्हणजे बर्फ घातलेली. मलायी, तमिळ किंवा चिनी, कोणाचाही मुलगा हेच शब्द वापरतो. घरात हरवलेली भाषा दुकानात चार शब्दांपुरती का होईना सापडते, हे त्या आजीला समाधान वाटावे की खेद, हे तिचे तीच जाणे.

आता त्या टेबलाच्या शेजारी पाहावे. तेथे एक मलायी मुसलमान कुटुंब हलाल गाळ्यावरचे अन्न घेऊन बसलेले असते. पलीकडे एक तमिळ गृहस्थ गोमांस वर्ज्य असल्याने विचारपूस करून मग ताट घेतो. सर्वांचे पदार्थ निराळे, सर्वांचे निषेध निराळे, आणि तरीही जागा एक. ही गोष्ट किती अवघड आहे हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही. १८४९ च्या सुमारास मुंबईतील परमहंस सभेच्या सभासदांना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव गुप्तपणे खाऊन आपल्या निश्चयाची साक्ष द्यावी लागे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य उभे राहिले. एका पेल्यासाठी समाज दुभंगू शकतो, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवले, त्यांना कोपीतियामच्या टेबलांची किंमत अधिक नेमकी कळेल.

अर्थात त्या पंगतीला आदर्शाचा मुलामा देण्याचे कारण नाही. एकत्र बसणे म्हणजे एकमेकांना ओळखणे नव्हे, आणि कित्येकदा दोन कुटुंबे वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलांवर जेवूनही परस्परांचे नाव विचारीत नाहीत. कोणत्या इमारतीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत याची मर्यादा सरकारने १९८९ पासून ठरवून दिली आहे. म्हणजे शेजारही काही अंशी नियमाने घडवलेला आहे. उष्टी भांडी स्वतः नेऊन ठेवण्याची सक्ती कॉफीच्या दुकानांत जानेवारी २०२२ पासून झाली, तेव्हा हलाल आणि इतर भांड्यांसाठी वेगळ्या जागा कराव्या लागल्या. भेद नाहीसे झालेले नाहीत. ते मान्य करून, प्रत्येकाचे ताट प्रत्येकाला ठेवू देऊन, बसण्याची जागा तेवढी समाईक केली आहे. पंगतीत एकच पदार्थ सर्वांना वाढणे हे सहभोजन. येथे पदार्थ भिन्न आणि पंगत अभिन्न, असा उलटा क्रम आहे. कदाचित म्हणूनच तो टिकला असेल.

त्या पंगतीचे मोल एकदा सर्वांनाच कळून चुकले. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे दुकानात बसून जेवण्यास मनाई झाली. खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या, टेबलांभोवती पट्ट्या बांधल्या गेल्या. अन्न बंद झाले नव्हते. तोच मासा, तीच भाजी पुड्यांत बांधून वर नेता येत होती. तरीही १९ जूनला बंदी उठली तेव्हा लोक पुन्हा खाली उतरले. पोटाची भूक पुडीने भागत असेल, पण बाराव्या मजल्यावरच्या माणसाला आणखीही एक भूक असते, हे त्या अडीच महिन्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी, १६ डिसेंबर २०२० रोजी, युनेस्कोने सिंगापूरच्या फेरीवाला-संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

सन्मान मिळाला, प्रश्न मात्र तसाच राहिला. तो प्रश्न आहे चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा. तेथील भोजनकेंद्रांतील विक्रेत्यांचे मध्यम वय साठीच्या घरात आहे. पहाटे बाजार, दुपारी तयारी, रात्री उशिरापर्यंत आग, असा दिवस काढून ज्यांनी मुलांना विद्यापीठात पाठवले, त्यांची मुले चुलीपाशी परत येत नाहीत. आणि त्यांनी यावे अशी आईबापांचीही इच्छा नसते. एक प्रकारे हे त्या धंद्याचे यशच म्हणायचे. परंतु ते यश धंद्याच्या मुळावर येते. सरकारने २०२० मध्ये नव्या विक्रेत्यांना शिक्षण देण्याची योजना काढली, आणि तिला प्रतिसादही मिळाला. मात्र तरुण माणूस हिशेब करतो. चार-पाच डॉलरांच्या कोंबडी-भातात तांदूळ, तेल, वीज आणि भाडे वजा जाता स्वतःच्या चौदा तासांचे काय उरते, असे तो विचारतो.

सरकारी केंद्रात भाड्यावर काही नियंत्रण तरी असते. तळमजल्यावरच्या खाजगी दुकानात तेही नाही. २०२२ मध्ये टॅम्पिनीस भागातील असे एक दुकान ४ कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले, तेव्हा साऱ्या बेटावर चर्चा उसळली. जागेला एवढी किंमत देणारा ती गाळ्यांच्या भाड्यातून वसूल करणार, गाळेवाला ती ताटातून वसूल करणार, आणि ताट महागले की आजीसह खाली उतरणारे कुटुंब आठवड्यातून चारदा येण्याऐवजी एकदा येणार, हे गणित कोणालाही समजण्यासारखे होते. मंडळाने २०२३ पासून आपल्या मालकीच्या दुकानांचे भाडेपट्टे वाढवून देताना काही स्वस्त जेवणे ठेवण्याची अट घातली. गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती योग्यच. परंतु स्वस्त जेवणाचा तोटा कोणी सोसायचा, चालकाने की स्वयंपाक्याने, याचे उत्तर अटीत लिहून सापडत नाही. हॉटेलात कॉफीला सहज आठ डॉलर देणारा गृहस्थ खाली उतरल्यावर कोपी वीस सेंटांनी महागली म्हणून कुरकुरतो. आपल्या बालपणीची किंमत त्याला बालपणाइतकीच प्रिय असते. पण तो स्वाद त्या किमतीत ज्याने इतकी वर्षे टिकवला, त्याने तो स्वतःच्या पाठीच्या आणि गुडघ्यांच्या दुखण्यावर टिकवला, हे ध्यानात येण्यास उशीर लागतो.

समाजाने एकत्र जेवावे असे वाटत असेल, तर जागा बांधून देणे ही पहिली पायरी झाली आणि ती सिंगापूरने उत्तम रीतीने चढून दाखवली. वाढणाऱ्याचे पोट भरेल अशी किंमत त्या जागेत ताटाला मिळणे ही दुसरी, आणि ती अधिक कठीण आहे. कारण तिचा निर्णय केवळ सचिवालयात होत नाही. तो रोज रात्री प्रत्येक टेबलावर, सुटे पैसे मोजताना होतो. महाराष्ट्रातील खाणावळी, दिल्लीतील ढाबे किंवा कोलकात्यातील फुटपाथावरच्या चुली यांच्यावर ज्यांचे जेवण चालते, त्यांनाही हा निर्णय टाळता येणार नाही.

रात्री दहाच्या सुमारास टोआ पायोच्या त्या दुकानातली गर्दी ओसरते. कुटुंबे वर गेलेली असतात. टेबले पुसली जातात, कढया घासल्या जातात, आणि मग झी चारचा म्हातारा स्वयंपाकी एका टेबलाशी येऊन बसतो. कॉफीवाला न विचारताच त्याच्यापुढे कोपी-ओ आणून ठेवतो. समोर भाताचा वाडगा आणि उरलेली थोडी भाजी असते. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, हा रिवाज तेथेही आहे.